मागल्या ॲक्सलचे पॅकिंग

वडिलांनी १९७३ साली घेतलेली मार्क टू अँबॅसडर अजून आमच्या दारात उभी असते. चिकोडी परिसरातील जुन्या मंडळींना ती गाडी माझ्यापेक्षा अधिक ओळखीची आहे. रात्री-अपरात्री व्हिजिटला निघालेल्या वडिलांचा चेहरा अंधारात कोणाला दिसत नसे, पण गाडीचा आवाज ऐकून दारे उघडली जात. ब्रिटनमधील १९५६ च्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर हिंदुस्थान मोटर्सने ही गाडी बेतली आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यातून ती २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली. वडील गेल्यानंतर ती विकण्याचा विचार दोनदा मनात आला आणि दोन्ही वेळा तो पत्नीने हाणून पाडला. आता पन्नाशी ओलांडल्यामुळे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ती ‘व्हिंटेज’ म्हणवून घेण्याच्या वयाची झाली आहे. मीही तिच्याबरोबर पन्नाशी ओलांडली आहे. मला मात्र कोणी तसे प्रमाणपत्र देऊ केलेले नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी संकेश्वरहून निपाणीला एका लग्नासाठी निघालो होतो. तवंदी घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी एकाएकी डावीकडे ओढू लागली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मागून उसाचा रिकामा ट्रक येत होता. गिअर खाली घेत, रस्त्याच्या कडेने कशीबशी गाडी सपाटीवर आणली आणि उतरलो तेव्हा मागल्या उजव्या चाकापाशी जळक्या तेलाचा उग्र वास येत होता. पत्नी काही बोलली नाही. लग्नाला आम्ही वडापमधून गेलो.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ड्रम उतरवला. ब्रेकचे दोन्ही लायनर नव्वद नंबरच्या तेलाने चिंब भिजलेले. ब्रेक सिलिंडर कोरडे होते. म्हणजे हे तेल ब्रेकचे नव्हते, मागल्या ॲक्सलमधले होते. चाकाकडच्या टोकाला ॲक्सलशाफ्टची चकती हबवर जेथे बसते, त्या सांध्यातले पॅकिंग आणि त्याच्या आतले ऑइल सील, दोघांनीही हात टेकले होते.

आपल्यापैकी ज्यांचा गाडीशी संबंध किल्ली फिरवण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडेसे शरीररचनाशास्त्र सांगतो. मागल्या दोन चाकांना जोडणारी जी पोकळ लोखंडी तुळई, ती हौसिंग. तिच्या मध्यभागी फुगीर पोटात क्राउन आणि पिनियन ही दातेरी चक्रे तेलात फिरत असतात. क्राउन चाकासारखा फिरताना तेल उडवतो आणि ते तेल दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून चाकांच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. हे तेल बाहेर येऊ नये म्हणून तीन ठिकाणी बंदोबस्त असतो: पोटाच्या पुढच्या बाजूला, जेथे क्राउन-पिनियनचा संच बोल्टांनी जोडलेला असतो तेथे, आणि दोन्ही चाकांपाशी. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही तासले तरी त्यांत सूक्ष्म उंचसखलपणा राहतोच. तो भरून काढण्यासाठी मध्ये जो मऊ पदार्थ घालतात, तो म्हणजे गॅस्केट. आमच्याकडे त्याला सगळे पॅकिंगच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे.

गॅरेजचा मालक आता चाळिशीला आलेला आहे. त्याने ड्रमकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आश्वासक सुरात म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, काळजी करू नगा. मामांनी घातलं हुतं तसलं पक्कं पॅकिंग घालतो. उकळत्या इंजिनाला चालतंय ते, ह्या थंड हौसिंगला काय हुतंय?’’

आणि त्याने फळीवरून एक गुंडाळी खाली काढली. करड्या रंगाची, पुठ्ठ्यासारखी पण पुठ्ठ्याहून जड आणि घट्ट. तिचा कोपरा फाटला होता आणि फाटलेल्या कडेला पांढुरके तंतू दिसत होते.

ती गुंडाळी मी ओळखली. १९९९ साली मीच तिचा आग्रह धरला होता.

त्या वर्षी मी एम.डी. होऊन गावात नुकताच दवाखाना थाटला होता. हाच उजव्या चाकाचा सांधा तेव्हाही पाझरत होता. त्या वेळचे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, ते आमच्या दारातच गाडी खोलून बसले होते. मूळचे पॅकिंग कागदाचे होते. फाटलेला तो पातळ कागद पाहून मी, नव्या डॉक्टरच्या आत्मविश्वासाने, म्हणालो, ‘‘मामा, कागद कसला घालता? चांगलं पक्कं काहीतरी घाला.’’ मामांनी हाताखालच्या पोराला पिटाळले. नाव काही असो, गॅरेजातल्या अशा पोराला सगळे बारक्याच म्हणतात. हा बारक्या बारा वर्षांचा होता. तो गुंडाळी घेऊन आला, हबवर तुकडा ठेवून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने ठोकत त्याने पॅकिंग कापले, भोके पाडली आणि मग कड साफ यावी म्हणून आमच्या पायरीवर बसून पॉलिश पेपरने घासत बसला. घासून झाल्यावर फुंकर मारली. ड्रममधली काळी धूळ हवेच्या पंपाने उडवण्याचे कामही त्याचेच होते. संध्याकाळी तो त्याच शर्टात तीन वर्षांच्या बहिणीला कडेवर घेऊन माझ्या ओ.पी.डी.त आला. तिला खोकला होता. मी तिची छाती तपासली, औषध लिहून दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्या औदार्याबद्दल मला स्वतःचे कौतुकही वाटले असावे.

ती गुंडाळी ॲस्बेस्टॉसची होती. हे तेव्हा मला ठाऊक नव्हते असे नाही. एम.बी.बी.एस.ला पी.एस.एम.च्या पुस्तकात ॲस्बेस्टॉसिस वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. फक्त पुस्तकातला तो शब्द आणि आमच्या पायरीवर पडलेली ती पांढरट भुकटी यांची गाठ डोक्यात पडली नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो: मागल्या ॲक्सलच्या सांध्यात घालायचे तरी काय? गुंडाळी पाहिल्यावर मी काम थांबवायला सांगितले आणि घरी येऊन वडिलांचे कपाट उपसले. त्यांनी मॉरिस ऑक्सफर्डचे एक जुने इंग्रजी वर्कशॉप मॅन्युअल जपून ठेवले होते. पाने पिवळी पडली होती, पण मागल्या ॲक्सलचे प्रकरण शाबूत होते. त्यात एक वाक्य आहे जे मामांनी वाचले नव्हते आणि मीही नव्हते. हबमध्ये बेअरिंग पूर्ण बसवल्यावर त्याचा बाहेरचा चेहरा, हबच्या कडेवर कागदी वॉशर ठेवूनसुद्धा, त्याच्याही वर १ ते ४ थाऊ डोकावला पाहिजे. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरचा साधारण चाळिसावा. उद्देश असा की शाफ्टची चकती बोल्टने आवळली की तिने आधी बेअरिंगला घट्ट दाबून धरावे आणि कागद त्याच वेळी जेमतेम चिमटीत सापडावा. म्हणजे हा कागद तेल अडवण्यापुरता नाही, तो एक मापही आहे.

आता हिशेब करा. कागद पाव मिलिमीटरचा असेल आणि बेअरिंग त्याच्या वर दोन थाऊ, म्हणजे ०.०५ मिलिमीटर असेल, तर हबच्या कडेपासून बेअरिंगची उंची झाली ०.३ मिलिमीटर. त्या जागी ०.८ मिलिमीटरची ‘पक्की’ शीट घातली की बेअरिंग पॅकिंगच्या पातळीहून अर्धा मिलिमीटर खाली गेले. बोल्ट आवळल्यावर शीट थोडी दबेल, पण अर्धा मिलिमीटर नाही. चकती बेअरिंगला टेकणारच नाही. मग प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात बेअरिंग आत-बाहेर सरकत राहणार, सरकता सरकता सील खाणार आणि सील गेले की तेल थेट ब्रेकच्या ड्रममध्ये. आमची गाडी १९९९ च्या दुरुस्तीनंतर वर्षभरातच पुन्हा पाझरू लागली होती. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी आम्ही सील बदलत आलो आणि ‘आता जुनी झाली’ असे म्हणत आलो. रोग औषधानेच निर्माण केलेला होता. आपल्या व्यवसायात त्याला भारदस्त नाव आहे; गॅरेजमध्ये नाही.

पोटाच्या पुढच्या सांध्याची गोष्ट निराळी. तेथे क्राउन आणि पिनियन यांची एकमेकांशी जुळणी त्यांच्या स्वतःच्या संचात, पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ठरवलेली असते. संपूर्ण संच हौसिंगवर चढवताना मध्ये कागद थोडा जाड-पातळ झाला तरी दात्यांची जुळणी बिघडत नाही. काही अन्य गाड्यांत हौसिंगच मधोमध दुभंगलेले असते आणि तेथे मात्र पॅकिंगची जाडी थेट बेअरिंगवरच्या दाबात उतरते. तेव्हा ‘ॲक्सलला हे पॅकिंग चालते’ असे सरसकट विधान करणे धोक्याचे आहे. कोणत्या गाडीचा, कोणता सांधा, हे आधी विचारले पाहिजे.

पदार्थांची निवड करताना मी आणि गॅरेजमालक दोन संध्याकाळी बसलो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या दोन खेपा झाल्या. बुचाचे पॅकिंग त्याने सुचवले. इंजिनाच्या वरच्या झाकणाला ते उत्तम, कारण झाकण पातळ पत्र्याचे आणि वाकडेतिकडे असते, आणि बूच दबून त्याच्या वळणाप्रमाणे बसते. पण जाड असल्यामुळे हबला ते बाद. शिवाय फार आवळले तर चिरडते आणि वर्षानुवर्षे राहिले तर वाळून आक्रसते. नायट्रिल रबर तेलाला टिकते. अडचण पुन्हा जाडीची. ट्यूबमधून निघणारे सिलिकॉन आजकाल सगळ्यांचे लाडके आहे. ते पुढच्या सांध्याला कागदाच्या दोन्ही बाजूंनी अगदी पातळ फिरवायला हरकत नाही, मात्र तेलाला चालणारे आहे ना हे ट्यूबवर वाचून. मुलांच्या खोकल्याचे औषध जसे ‘अजून एक चमचा’ म्हणून दिले जाते, तसे ते हात सैल सोडून लावले जाते. मग सांध्यातून आत दाबलेली त्याची शेवया तुटून तेलात फिरत बसते. हवा नसताना धातू-धातूंच्या मध्ये गोठणारा आणखी एक प्रकार मिळतो. तो चांगला तासलेल्या, जाड, ताठ चकत्यांसाठी आहे. आमच्या हबच्या कडेवर पंचवीस वर्षांच्या पटाशीचे ओरखडे होते.

राहिली ती करडी गुंडाळी. ॲस्बेस्टॉसचा गुण कोणता? तो जळत नाही. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या सांध्यात, जेथे तापमान कित्येक शे अंशांवर जाते, तेथे त्याला एके काळी पर्याय नव्हता. मागल्या ॲक्सलमधले तेल रोजच्या वापरात शंभर अंशांच्या आतच राहते. तेवढे तेलरोधक कागद निमूटपणे सोसतो. जेथे आग नाही तेथे आम्ही पंचवीस वर्षे अग्निरोधक घालत होतो.

गुंडाळीच्या दोषाबद्दल आपल्या वाचकांना सविस्तर सांगायला नको. तरी दोन अभ्यासांचा उल्लेख मला बालरोगतज्ज्ञ म्हणून करावासा वाटतो. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांतील अनेकांनी खाणीत कधी काम केले नव्हते. ते खाणींच्या परिसरात लहानाचे मोठे झाले होते. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन यांनी त्याच रोगाच्या रुग्णांचा पूर्वेतिहास खणून काढला. त्यांत नऊ जण असे निघाले की ज्यांच्या घरातले कोणीतरी ॲस्बेस्टॉसचे काम करीत होते. बहुतेक बायका, नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या. दोन पुरुष होते. ते आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांच्या बहिणी ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कामाला जात होत्या. एवढाच त्यांचा संबंध.

मी हा लेख तरुणपणी वाचला असता तर कदाचित विसरलो असतो. दोन वर्षांपूर्वी तो पुन्हा वाचताना मला बारक्याच्या कडेवरची ती खोकणारी मुलगी दिसली.

प्रमाणही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख भीतीचा बाजार होईल. रबरात घट्ट आवळलेल्या शीटमधून तंतू आपणहून उडत नाहीत. धोका कापताना, घासताना, आणि त्याहून जास्त जुने चिकटलेले पॅकिंग खरवडताना असतो. जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवा मारून उडवणे हे बहुधा त्याहूनही वाईट. वर्षात चार-सहा पॅकिंग कापणाऱ्या मिस्त्रीचा धोका खाणकामगाराच्या धोक्याच्या जवळपासही नसतो. तरीही ॲस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार मानवात निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून गणले गेले आहेत आणि मेसोथेलिओमासाठी निर्धोक म्हणता येईल अशी किमान मात्रा सापडलेली नाही. संपर्क आणि रोग यांतले अंतर वीस ते पन्नास वर्षांचे असते. साठीत संपर्क आलेल्याला रोग होण्याआधी दुसरे काहीतरी गाठते. बारा वर्षांच्या मुलापुढे मात्र ती पन्नास वर्षे सबंध उभी असतात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी, नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवण्यास सांगितले. गॅरेजातल्या पोराची नोंद ठेवणार कोण? बालकामगारविरोधी कायदा १९८६ चा; चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत मनाई २०१६ च्या दुरुस्तीने आली. १९९९ मध्ये आमच्या पायरीवर बारा वर्षांचा मुलगा काम करतो आहे, याचे गल्लीत कोणालाही काही वाटले नाही. मलाही नाही, आणि मी तर मुलांचा डॉक्टर.

हे सगळे मी गॅरेजमालकाला त्याच्या बाकावर बसून सांगितले, शक्य तितक्या सोप्या शब्दांत. तो ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने बिडी शिलगावली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतली धूळ आणि तिथल्या बायकांचा खोकला आपल्या भागात पिढ्यानपिढ्या माहीत आहे, त्यामुळे ‘धुळीने छाती जाते’ हे त्याला पटवावे लागले नाही. बिडीचे मात्र सांगावे लागले. अमेरिकेतील उष्णतारोधक बसवणाऱ्या कामगारांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्या, ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या माणसाच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचे प्रमाण नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने अकरापट आणि दोन्ही एकत्र आल्यास पन्नासपटीहून अधिक आढळले. ते कामगार जन्मभर त्या धुळीत राबलेले होते. याची गोष्ट तेवढी नाही. पण उडालेले तंतू परत काढता येत नाहीत आणि बिडी विझवता येते. त्याने ती विझवली. त्या दिवशीपुरती, असे मी मनात म्हटले.

‘‘म्हंजे मी बारक्या हुतो तवापासनं हे छातीत असंल,’’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘तुमच्याच दारात कापलं हुतं की हो मी.’’

त्याला आठवत होते. मी ‘होय’ म्हणालो. त्यापलीकडे काय बोलावे हे मला सुचले नाही आणि त्यानेही विषय वाढवला नाही.

काम आम्ही असे केले. जुने पॅकिंग आधी तेलाने भिजवले आणि ओलेच खरवडले. ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने पुसली, हवा मारली नाही. फडकी आणि खरवड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक बांधली. हबच्या कडेचे ओरखडे काचेवर ताणलेल्या बारीक पॉलिश पेपरने काढले आणि पट्टी लावून पातळी पाहिली. नवे बेअरिंग, नवे सील. उद्यमबागेत मिळालेला पाव मिलिमीटरचा तेलरोधक कागद हातोडीऐवजी कात्रीने कापला, भोके पंचने पाडली. कागद ठेवून फीलर गेजने मोजले तेव्हा बेअरिंग कागदावर तीन थाऊ उभे होते. मॅन्युअल लिहिणाऱ्या त्या अज्ञात इंग्रजाला मी मनोमन नमस्कार केला.

आणि एक गोष्ट सापडली, ती हौसिंगच्या वर. तेथे श्वास घेण्यासाठी एक लहानशी टोपी असते. तेल तापले की आतली हवा प्रसरण पावते आणि या वाटेने बाहेर पडते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल त्या टोपीत बसून दगड झाला होता. वाट बंद झाली की आतला दाब तेलाला सगळ्यात कमकुवत सीलमधून ढकलतो. तेव्हा कागद नीट असता, सील नवे असते, तरी ते पाझरलेच असते. दहा मिनिटे रॉकेलमध्ये भिजवून ती साफ झाली. तेलाची पातळीही भरायच्या बोळीच्या खालच्या कडेपर्यंतच ठेवली. आम्ही इतकी वर्षे ‘थोडं जास्त असू दे’ म्हणत आलो होतो.

त्यानंतर गाडी तवंदी घाटातून सहा-सात वेळा गेली आहे. गेल्या महिन्यात ड्रम उघडला, कोरडा होता.

करड्या गुंडाळीचे काय करायचे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कचऱ्यात टाकायची नाही, जाळायची नाही, कोणाला विकायची तर मुळीच नाही. ती दोन थरांच्या प्लास्टिकमध्ये बांधून, वर मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून, गॅरेजच्या माळ्यावर ठेवली आहे. धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रापर्यंत एवढीशी वस्तू रीतसर कशी पोहोचवावी, याची विचारपूस चालू आहे. संघटनेच्या सभासदांपैकी कोणाला वाट माहीत असल्यास कळवावे.

त्याच्या छातीचा एक्स-रे आम्ही काढला. तो स्वच्छ आहे. स्वच्छ एक्स-रे आजचे सांगतो, पुढच्या तीस वर्षांचे नाही, हेही त्याला सांगितले. पाकीट हातात घेऊन तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

‘‘डॉक्टरसाहेब, बहिणीचा पण फोटो काढाय लागंल का? तिला गडहिंग्लजला दिलीय. दोन पोरं हाईत तिला.’’

मी म्हणालो, तक्रार नसताना उगाच दरवर्षी फोटो काढण्यात अर्थ नाही. पण तिला घेऊन ये. ती आली तेव्हा मी तिला ओळखले नाही. तिच्या कागदांवर मी लाल शाईने दोन ओळी लिहिल्या: वय तीन वर्षांपासून घरातील व्यक्तीच्या कपड्यांतून ॲस्बेस्टॉसच्या धुळीशी संपर्क, दम, छातीत दुखणे अथवा फुप्फुसावरणात पाणी आढळल्यास हा पूर्वेतिहास विचारात घ्यावा. तारीख घातली, सही केली आणि तेच दोन ओळींचे टिपण तिच्या भावाच्या पाकिटावरही लिहिले.